तिल्काचे शेअर आणि माझा सल्ला

तिल्का झोर्को माझी शेजारीण. आम्ही दोघी गावातल्या औषधांच्या कारखान्यात तीस वर्षं होतो. ती कँटीनमध्ये बटाटे सोलायची आणि मी हिशेबखात्यात बसायची. अक्कल कुणाकडे जास्त, हे वेगळं सांगायला नको.

युगोस्लाव्हिया फुटला, आमचा स्लोव्हेनिया स्वतंत्र झाला, तेव्हा सरकारने माणशी एक कागद वाटला. कारखान्यांतला तुमचा वाटा, हवा तिथे गुंतवा म्हणाले. आम्ही दोघींनी आमच्याच कारखान्याचे शेअर घेतले. तिल्काने कागद कपाटात टाकला आणि विसरली. मी मात्र रोज पेपरातले भाव वाचायची. चढले की घाईने विकायची, आणखी चढले की चरफडत महाग घ्यायची. पंधरा वर्षं एवढी अक्कल पाजळून माझ्याकडे तिच्यापेक्षा कमीच शेअर उरले. ते कळल्यापासून माझ्या पोटात जे दुखायला लागलं, ते आजही थांबलेलं नाही.

मग युरो आला आणि सगळा देश खुळावला. न्हावी, पोस्टमन, आमचे पाद्रीबाबासुद्धा शेअरबद्दलच बोलायचे. मी होतं नव्हतं ते सगळं बाजारात घातलं. तिल्का तेव्हा जर्दाळूचा जाम ढवळत होती.

पुढच्या वर्षी बाजार कोसळला. राजधानी ल्युब्ल्यानातल्या शेअरबाजारात भाव रोज खाली. डिसेंबरात तिल्काकडे डुक्कर कापलं, तेव्हा रीतीप्रमाणे मी मदतीला गेले. दोघी टेबलापाशी बसून सॉसेजसाठी आतड्यांत रक्त आणि भात भरत होतो.

"रेझ्के, तू शहाणी आहेस बाई," ती म्हणाली. "आमच्या लोइझेनं डोकं खाल्लंय माझं. म्हणतो, काहीतरी मिळतंय तोवर विकून मोकळी हो. काय करू गं?"

आदल्याच दिवशी मी माझे सगळे शेअर मातीमोल भावात विकले होते. हे कुणालाच माहीत नव्हतं. भाव अजून बुडणार, याची मला खात्री होती.

"अजिबात विकू नकोस," मी म्हणाले.

"खरंच?"

"नवऱ्याचं काय ऐकतेस? त्याला ट्रॅक्टरशिवाय काय कळतं? गप बसून राहा."

"बरं झालं तुला विचारलं," असं म्हणून तिने जाताना मला सगळ्यांत मोठी सॉसेजं बांधून दिली.

माझी गाय मेली, आता शेजाऱ्याचीही मरो, असं आमच्याकडे म्हणतात. माझी मेलीच होती. भाव आणखी खाली आला की मला शांत झोप लागायची. पाच-सहा वर्षं तो तसाच पडून राहिला. आता विकू का, असं तिल्काने एकदाही विचारलं नाही.

मग तो चढायला लागला. आधी मुंगीच्या पावलांनी, मग धडाधड, आणि जुनं शिखर मागे टाकून कितीतरी वर गेला. दर उन्हाळ्याला लाभांश मिळायचा आणि ही बया समुद्रावर जायची. घराला नवं लाल छप्पर आलं, ते माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून अख्खं दिसतं. मी पडदा लावून ठेवते. आंधळ्याच्या गाई देव राखतो म्हणतात. मग माझ्यासारख्या डोळसांनी जायचं कुठे?

यंदा ईस्टरला ती दारात हजर. हातात अक्रोड ठासून भरलेली पोतित्सा, आमच्याकडचा सणाचा गोड पाव.

"नातीला ल्युब्ल्यानात घर घेऊन दिलं," ती म्हणाली. "थोडेच विकले, बाकी आहेत तसेच. सगळ्या गल्लीला सांगते मी, हे रेझ्काचं डोकं!"

"त्यात काय एवढं," मी कसंबसं म्हणाले.

ती खुर्चीवर टेकली. मग माझ्या गळक्या छताकडे, जुन्या चुलीकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत नुसती काळजी होती.

"एक विचारू? रागावू नकोस हं. मला एवढं चांगलं सांगितलंस, मग स्वतः का गं विकलेस?"

मी पोतित्सा कापायला घेतली. तिच्यासाठी मला सुचेल तो सगळ्यांत वाईट सल्ला मी दिला होता, आणि सगळ्यांत चांगला स्वतःसाठी ठेवला होता.