फिका बलक

ती घटना आजही आठवते, आणि नेमकी न्याहारीच्या वेळी आठवते. घरात अंडं फोडलं की मी आधी बलकाचा रंग बघतो. बायको म्हणते, "करा आता त्याचा पंचनामा!" हसू दे तिला. एका गुन्ह्याची उकल त्या बलकानेच झाली होती.

सोलापूर जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्याचा मी प्रभारी होतो. एके दिवशी शेतातल्या वस्तीवरची एक म्हातारी मुलाला घेऊन फिर्याद द्यायला आली. पाय दुखतात म्हणून तिनं आधी खुर्ची मागितली, मग सांगितलं की कपाटातली बोरमाळ आणि पाटल्या गेल्या. कुलूप तुटलेलं नव्हतं.

"घरातलंच हाय कुणीतरी, साहेब," ती म्हणाली. "भाईरचा चोर किल्ली कुटं ठिवलीय ते इचारून येतुय व्हय?"

घरात तिसरं माणूस एकच, सून. मुलाला विचारलं, तुमचं काय म्हणणं? तो मान खाली घालून उभा राहिला. दागिने निघाले नाहीत तर माहेरी जा, असं त्यानं बायकोला सांगूनही टाकलं होतं.

माझा स्वभाव मुळातच संशयी. कुलूप शाबूत असलं की चोर घरात शोधावा, हे पोलीस खात्यात कुणी शिकवावं लागत नाही. सुनेच्या मोबाइलचा सीडीआर, म्हणजे कॉलची नोंद, मागवला. चोरीच्या दिवशी माहेरी लागोपाठ फोन! माल भावाकडे गेला असणार, असं माझ्या मनानं घेतलं.

त्यात मोडनिंबजवळच्या ढाब्यावर चहाला थांबलो, तर मालक जवळ येऊन हळूच म्हणाला, "साहेब, त्या वस्तीवरच्या सुनंवर ध्यान ठिवा. गावरान म्हणून अंडी देती. आधी बलक कसा केशरी असायचा! आता फोडलं की पांढराफटक. बॉयलरची अंडी चहाच्या पाण्यात रंगवून खपवतीय, दुसरं काय?"

मला तेवढंच हवं होतं. अंड्यात फसवणारी बाई सोन्यात का फसवणार नाही?

बाईमाणसाला चौकशीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही, म्हणून महिला शिपायाला बरोबर घेऊन वस्तीवर गेलो. ओट्यावर सुनेची बॅग भरून ठेवलेली होती. अंड्यांचा विषय काढताच ती उसळली.

"बॉयलरची? माज्या कोंबड्यांचीच हायत! रोज सकाळी सोडायची मी त्यास्नी. रानात किडं, वाळवी, हिरवा पाला, काय घावंल ते खाऊन दिस मावळायला आपल्या पायानं घरी यायच्या. आता कोंडल्यात. नुसत्या ज्वारीवर बलक फिकाच पडणार की!"

"कोंडल्या कुणी?"

"आत्यांनी. रोग आलाय म्हनल्या."

"कधीपासून?"

"चोरी झाली त्याच सकाळपासनं."

मी सासूकडे पाहिलं. ती पदरानं तोंड पुसत होती.

"आणि ज्वारी कोण टाकतं?"

"त्याच टाकत्यात. मला लई नवल वाटतंय, साहेब. पसाभर दाणं सांडलं तर माज्या कोंबड्यांचा मुडदा बशिवणारी बाई ही!"

हवालदाराला शेजारच्या वस्त्यांवर पिटाळलं. सगळीकडे कोंबड्या मोकळ्या फिरत होत्या. जनावरांच्या दवाखान्यात फोन केला, रोगाची एकही खबर नव्हती. मग ही माया कशाची? मी सुनेला म्हणालो, "खुराडं उघडा."

"नगं, नगं! मरत्याल त्या!" म्हातारी ओरडली.

"मेल्या तर मी भरून देईन, मावशी."

दार उघडताच कोंबड्या फडफडत बाहेर पडल्या. थोडा वेळ अंगणात भांबावल्यासारख्या फिरल्या आणि मग एकेक करत कडब्याच्या गंजीमागे गेल्या. तिथली माती भुसभुशीत होती. कोंबडीला तशी माती दिसली की ती उकरणार, त्यात लोळणार. बघता बघता धुरळा उडायला लागला.

पाय दुखणारी म्हातारी खराटा घेऊन धावत सुटली! तिथंच मी काय समजायचं ते समजलो.

दोन पंच बोलावले. खुरप्यानं हातभर उकरलं तर स्टीलचा डबा लागला. आत बोरमाळ, पाटल्या, सगळं जसंच्या तसं.

म्हातारीनं हातातला खराटा टाकला. "पोरगं अकलूजला बिऱ्हाड करणार हुतं, हिला घिऊन," ती रडत म्हणाली. "ही माहेरी गेली तर त्यो तरी ऱ्हाईल म्हनलं. मी एकटी हितं कुणाच्या तोंडाकडं बगू? डबा पुरला आन् ह्या मेल्या तितंच उकराय लागल्या. म्हणून कोंडल्या."

मला तिचा राग आला आणि कीवही आली. फिर्याद खोटी ठरवणारा ब समरीचा अहवाल तर कोर्टात पाठवणारच होतो, पण खोट्या फिर्यादीबद्दल खटलाही भरता येईल, असं मी सुनेला सांगितलं. तिनं नको म्हणून मान हलवली.

एवढ्यात नवऱ्यानं ओट्यावरची बॅग उचलली. "चल, आत चल," म्हणाला. तिनं ती त्याच्या हातातून काढून घेतली.

"आत्यांना एकटं ऱ्हायचं भ्या वाटलं, ते कळतंय मला," ती म्हणाली. "तुमाला कशाचं भ्या वाटलं हुतं? एकदा तरी म्हनायचं हुतं, माजी बायकू चोर न्हाई."

तो मान खाली घालून उभा राहिला, ठाण्यात उभा होता तसाच.

त्यानंतर चोरीच्या तपासाला गेलो की काय गेलं ते लिहून घ्यायचो, पण त्याआधी घरात काय बदललंय ते विचारायचो. आणि जो गप्प उभा असेल, त्याच्याकडे जरा जास्त वेळ बघायचो.

काही महिन्यांनी ढाब्यावर थांबलो. मालकानं हौसेनं अंडं फोडून दाखवलं. बलक केशरी होता.

"तीच बाई देती, साहेब," तो म्हणाला. "पर आता माहेरच्या वस्तीवरनं."