कुणी ओळखत नाही असं गाव

लग्नानंतरची सोळा वर्षं आम्ही न्हावऱ्यात भाड्याच्या दोन खोल्यांत काढली. नवरा रांजणगावच्या एका कारखान्यात सुपरवायझर, मी दौंडच्या शाळेत शिक्षिका. न्हावरं मधल्या वाटेवर, त्यामुळे प्रवासाचा त्रास दोघांनाही सारखाच. स्वतःचं घर घ्यायचं ठरलं तेव्हा नवरा म्हणाला, "मधे राहून दोघंही दमतो. एकानं तरी सुखात राहावं." तो एक कोण, हे मात्र त्यानं सांगितलं नाही.

त्याच्या मनात शिरूर होतं. नगर रस्ता, मोठे दवाखाने, भरलेली बाजारपेठ, कारखानाही जवळ. माझ्या मनात दौंड. शाळा चालत गाठता येईल, पुण्याला जायला रेल्वे. तीन-चार महिने जेवताना हाच विषय. खरं सांगायचं तर मीच मनातून शिरूरला तयार होत आले होते, आणि त्याचं कारण आई.

वडील गेल्यावर आई वडगाव रासाईला भावाकडे राहत होती. भाऊ चांगला, वहिनी चांगली. तरी आमच्या घराचं कळल्यावर तिनं फोन केला. "तुझ्या घरात एक खोली माझी ठेव," म्हणाली. बस, एवढंच. मला वाटलं, तिच्यासाठी शिरूरच बरं. तिचा सगळा जन्म त्या बाजारात खरेदी करण्यात गेला; तिच्या तोंडी शिरूर अजून जुन्या नावानं, घोडनदीच आहे.

एका रविवारी तिला घेऊन आम्ही शिरूरला फ्लॅट पाहिला. दुसरा मजला, नवी इमारत, लिफ्ट, स्वयंपाकघरात भरपूर उजेड. नवरा खूश. खाली उतरलो तर पार्किंगमध्येच गावाकडच्या एक बाई भेटल्या. "अगंबाई, तुम्ही हितं? लेकीकडं राहणार व्हय? मग लेकाचं काय?" आई हसून काहीतरी बोलली. एसटी स्टँडसमोर चहाला थांबलो, तिथं वडिलांच्या ओळखीचे एक आप्पा. त्यांचाही तोच प्रश्न, फक्त जरा घुमवून. "घरी सगळं ठीक हाय ना?" आईनं चहा अर्धाच प्यायला.

दौंडचं घर नुसतं पाहून घ्यायचं म्हणून मी दोघांना तिकडं नेलं. जुनी इमारत, पहिला मजला, लिफ्ट नाही, खिडक्यांचा रंग उडालेला. समोरच्या दारातल्या बाई रेल्वेतून निवृत्त झालेल्या एकांच्या पत्नी. घरात तेलुगू, बाहेर हिंदी, मधेमधे मराठी. त्यांनी आईचा हात धरला. "आओ माँजी, चहा पिओ. इनको नळ वगैरे देखने दो." आई निमूट आत गेली.

आम्ही नळ सोडून पाहिले, भिंतीची ओल पाहिली आणि आईला घ्यायला समोर गेलो, तर ती नाही. "अभी तो नीचे गयी," त्या बाई म्हणाल्या. आई एकटी कधी कुठं गेलेली नाही. बरोबर कुणीतरी असतंच. धावत खाली आलो. कोपऱ्यावर कुल्फीची गाडी उभी होती, आणि तिच्या शेजारी, डोक्यावरचा पदर सावरत, आमची आई कुल्फी खात उभी.

"आई, अगं कुठं गेली होतीस?"

"हितंच की. घे, तू बी खा."

मी रागवायच्या तयारीत होते, पण तिचं तोंड पाहून रागावता येईना. वडगावात तिनं रस्त्यात उभं राहून कधी शेंगदाणासुद्धा तोंडात टाकला नव्हता.

घरी आल्यावर नवऱ्यानंच आईला विचारलं, "मामी, खरं सांगा, कुठलं घर आवडलं?"

"घर घोडनदीचं चांगलं हाय, पाव्हणं."

"पण?"

ती म्हणाली, "तिथं जिना उतरलं की मला जाब द्यावा लागंल. ल्योक असताना लेकीकडं का? मी काय भांडून आली न्हाई. पोरगं माझं गुणाचंच हाय. मला नुसतं हिच्यासंगं ऱ्हावंसं वाटतंय. हे रोज धा जणांना सांगत बसू का? दौंडात मला कुणी वळखत न्हाई. लई बरं वाटलं बघा."

इतके महिने मी तिच्या सोयीचा विचार करत होते, आणि तिला विचारायचंच राहून गेलं होतं. मला लाज वाटली.

नवरा म्हणाला, "मग दौंड." त्याच्या प्रवासाचं काय, असं मी विचारलं, तर हसला. "तुम्ही दोघी एका बाजूला झाल्यावर माझं काय चालतंय?"

भाऊ आधी दुखावला. गृहप्रवेशाला उशिरा आला, फारसा बोलला नाही. आईनं त्याला हाताला धरून आपली खोली दाखवली, पोटभर जेवू घातलं. निघताना तो मला म्हणाला, "तिथं ती एवढं बोलत नव्हती गं." आता महिन्यातून एकदा बाजरी, भाजीपाला घेऊन येतो आणि दुपारी इथंच झोपतो.

नवरा पहाटे उठून कारखान्यातल्या आणखी तिघांबरोबर एका गाडीतून जातो. पावसाळ्यात रस्त्याच्या नावानं बोटं मोडतो. शिरूरच्या त्या लिफ्टची आठवण काढतो, तेव्हा मी ऐकून घेते. त्याचा तो हक्कच आहे.

रविवारी तो उशिरापर्यंत झोपतो. मी गॅलरीत वह्या तपासत बसते. आई आणि समोरच्या बाई पायरीवर मेथी निवडतात. एक तेलुगू-हिंदीत बोलते, दुसरी वडगावच्या मराठीत, आणि दोघींनाही सगळं कळतं. मधेच त्या कशावरून तरी इतक्या जोरात हसतात, की आतून नवऱ्याचा आवाज येतो, "अहो, जरा हळू."

त्या ऐकत नाहीत.