माझ्या हातची नववी ओळ

मी चौथीपर्यंत शिकले. शाळेत मला एकच गोष्ट चांगली यायची, बघून लिहिणं. बाई रोज पुस्तकातल्या दहा ओळी वहीत उतरवायला सांगायच्या. माझा एक काना चुकायचा नाही. त्या ओळींत काय सांगितलंय, हे बाईंनी विचारलं नाही आणि मीही कधी मनावर घेतलं नाही.

पुंडलिकनगरात माझ्या चुलत नणंदेचं घर आहे. तिची रस्त्याकडची खोली रिकामी होती. मी बरीच वर्षं घरी काळा मसाला आणि येसर करून विकत होते. त्यातून आणि भिशीतून मी मिरची-मसाला कुटायची कांडप मशीन घेतली. आमचं बोलणं झालं ते असं: खोली तिची, मशीन आणि कष्ट माझे, येईल ते दोघींत निम्मं निम्मं. मशीन चालताना हलू नये म्हणून खोलीत सिमेंटचा ओटा केला आणि त्यावर ती बोल्टांनी पक्की आवळली.

नवरा म्हणाला, "कागद करून घे. पण वकिलाला मधी घेऊ नको. ती म्हणंल, आत्ताच भांडायच्या तयारीनं आलेत."

तरी मी त्याला न सांगता कोर्टाकडे गेले. बाहेर पत्र्याखाली वकिलांची टेबलं होती. एका टेबलापाशी मी उभी राहिले. वकिलांनी वर बघितलं. "बोला ताई, काय काम होतं?" शेजारच्या टेबलांवरची माणसंही माझ्याकडे बघायला लागली. सगळ्यांदेखत कराराचं काढायला लाज वाटली. शेवटी मी म्हणाले, "इथं झेरॉक्स कुठं निघती?"

त्यांनी बोटानं दुकान दाखवलं. ते बघत होते, म्हणून मला त्या दुकानात जावंच लागलं. पिशवीत आमच्या राहत्या खोलीचा भाडेकरार तेवढा होता. त्याची एक प्रत काढली आणि घरी आले.

करार म्हणजे कसा असतो ते मला त्या प्रतीवरूनच कळलं. मी स्टँप पेपर आणला आणि भाडेकरार समोर ठेवून उतरवायला बसले. घरमालकाच्या जागी नणंदेचं नाव, भाडेकरूच्या जागी माझं. भाडं जिथं होतं तिथं 'निम्मं उत्पन्न' लिहिलं. अकरा महिन्यांची मुदत होती, ती तशीच ठेवली, कारण आमच्या खोलीचा करार दर वेळी अकराच महिन्यांचा व्हायचा. बाकीच्या ओळींना हात लावला नाही. कायद्यातली एखादी ओळ गाळली तर कागद खोटा ठरेल असं वाटलं.

नणंदेनं कागद हातात घेतला. "अगं बाई, वैनी! छापल्यावानी अक्षर हाय तुमचं. वकील काय लिहिणार असं?" तिनं सही केली. नवऱ्यानं साक्षीदार म्हणून केली. दोघांनीही वाचलं नाही. मला मात्र त्या दिवशी फार बरं वाटलं होतं, हे खोटं कशाला सांगू.

त्या खोलीत मी बोलायला लागले. शहागंजच्या बाजारातून मिरच्या घेऊन बायका यायच्या. मुसळं आपटत असायची, सगळ्यांना ठसका लागलेला असायचा, आणि मी ओरडून सांगायचे, "खोबरं अजून भाजा, कच्चं हाय!" त्या हसायच्या. "मालकीणबाई, तुमचा दरारा लई हाय हां." जन्मात मला कुणी असं म्हटलं नव्हतं. घरी आल्यावर मी पुन्हा गप्प व्हायचे.

अकरा महिने संपले, त्याच आठवड्यात नणंद म्हणाली, "वैनी, आता सून बघंल इथलं. तुम्ही लई दमलाव."

मला वाईट वाटलं, पण खोली तिची होती. मी म्हणाले, "बरं. मशीन उचलायला टेम्पो सांगते."

ती आत गेली आणि कागद घेऊन आली; मागाहून कुणाकडून तरी वाचून घेतला असावा. "नववी ओळ वाचा, वैनी. तुमचंच अक्षर हाय ना?"

मी वाचली. जागेत पक्कं बसवलेलं सर्व सामान मुदत संपल्यावर मालकाचं राहील. आमच्या घरमालकानं ती ओळ भिंतीत ठोकलेल्या फळ्यांसाठी घातली होती. मी ती एकही काना न चुकवता उतरवली होती.

दुसऱ्या दिवशी मी त्याच वकिलांच्या टेबलापाशी जाऊन बसले. या वेळी बोलले. झेरॉक्स विचारणारी बाई त्यांना आठवत नव्हती. त्यांनी कागद सावकाश वाचला.

"हे कुणी लिहून दिलं तुम्हाला?"

"मीच लिहिलं."

"ताई, तुम्हाला भागीदारीचा करार पाहिजे होता. हा भाडेकरार आहे. यात तुम्ही भागीदार नाहीच, भाडेकरू आहात." कागद परत देत म्हणाले, "भांडता येईल. पण वर्षं जातील, आणि दर तारखेला तुमच्याच अक्षरातला कागद तुमच्यापुढं ठेवतील."

"तेव्हा तुमच्याकडं आले असते तर?"

"अर्ध्या तासाचं काम होतं," ते म्हणाले.

नवरा कोर्टाला तयार झाला नाही. म्हणाला, "नात्यात शोभा कशाला?" माझी मशीन गेली त्यात जणू शोभा झाली नव्हती.

परवा नणंदेचा फोन आला. मागे मशीनचा आवाज येत होता, मधेच अडखळणारा.

"वैनी, ही लई खडखड करतीय. सुनेला काय कळंना. काय करावं?"

नवव्या ओळीत बघा, असं माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. पण तो आवाज ऐकवेना. असंच चालवत राहिल्या असत्या तर मोटर जळाली असती.

"पट्टा सैल झालाय," मी म्हणाले. "आधी बंद करा. मग आवळा. अन् मुसळांना तेल द्या, कधीपासून दिलं नसंल."

"व्हय, व्हय," म्हणत तिनं फोन ठेवला. थोड्या वेळानं तिथं मशीन नीट चालू झाली असेल.