डावीकडे वळणारे मामा

अमेरिकेतल्या मोटारींच्या शर्यतीपायी कळंबच्या चिंतामणीला नवस बोललेला माणूस उभ्या यवतमाळ जिल्ह्यात एकच असेल, आणि तो माझा सख्खा मामा आहे, हे सांगायची मला आता लाज वाटत नाही. मामांनी वणीत तीस वर्षं कोळशाचा ट्रक चालवला. घरी बसल्यावर त्यांना करमेना, म्हणून मीच मोबाईलवर ती शर्यत लावून दिली. लंबगोल रस्ता, चाळीसेक गाड्या आणि दोनशे फेरे. "यात काय मजा? नुसत्या गोल फिरतात," असं मी म्हणालो आणि मामा उखडले. "मंग म्या काय केलं जलमभर? खाण ते रेल्वेचं सायडिंग, सायडिंग ते खाण! मले कोणी टाळ्या वाजवल्या काय?"

तिकडं शनिवारची संध्याकाळ झाली की इकडं आमच्या मामांची रविवारची सकाळ उजाडते. गाड्या फक्त डावीकडेच वळतात, म्हणून मामाही खुर्चीत डावीकडे कलतात. हळूहळू हे वेड स्कूटरवर उतरलं. भाजीबाजार घराच्या उजव्या हाताला, शंभर पावलांवर. पण मामा तीन डावी वळणं घेत अर्ध्या वणीला वळसा घालून तिथं पोचतात. "डाव्या वळणाले कोणासाठी थांबा लागत नाही," हा त्यांचा सिद्धांत. तोवर सांभार, म्हणजे कोथिंबीर, संपलेला असतो आणि मामीचं तोंड सुरू झालेलं असतं. शर्यतीत चार चाकं बारा सेकंदांत बदलतात, हे चौकातल्या पंक्चरवाल्याला ऐकवायलाही ते गेले होते. तो शांतपणे म्हणाला, "काका, त्यायले मधात चहा नसन लागत."

या शर्यतीत मामांचा एक माणूस होता. त्याचं नाव उच्चारता येत नसल्यानं मामा त्याला गाडीच्या रंगावरून 'पिवळा' म्हणत. पिवळा कधीही जिंकला नाही. बहुतेकदा तर निम्म्यातच गाडी बिघडून बाहेर पडायचा. एका रविवारी त्याची गाडी भिंतीवर आदळून उलटली आणि त्याला स्ट्रेचरवर नेलं. मामांनी चहा सोडला, बोलणं सोडलं, आणि नवस बोलले: पिवळा पुन्हा गाडीत बसला, तर त्या दिवशी तो जेवढे फेरे मारील तेवढ्या प्रदक्षिणा घालीन.

तीन महिन्यांनी पिवळा परतला. पन्नास फेऱ्यांपर्यंत मामा नाचत होते. शंभराव्याला त्यांनी स्वतःच्या गुडघ्यांवरून हात फिरवला. दीडशेनंतर हात जोडून म्हणाले, "आता पुरे कर ना बाप्पा!" पण गडी थांबायला तयार नाही. सगळ्यांच्या मागून, पण एकशे सत्त्याण्णव फेरे मारूनच उतरला.

कळंबला मामी आणि मीही सोबत गेलो. मामांनी सुरुवातच उलटी केली. पुजारी ओरडले, "अहो, कुठं चालले?" मामा म्हणाले, "तो डावीकडूनच फिरते, महाराज." चार फेऱ्या बाद झाल्या. नव्यानं सुरू केल्यावर एकतिसाव्या फेरीला गुडघ्यांनी हात टेकले आणि मामा मटकन खाली बसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "नवस अर्धा राह्यला अन् त्याले काही झालं तर?"

आतापर्यंत पायरीवर बसून थट्टा करणारी मामी उठली. "बसा तुम्ही. उरलेल्या मी घालतो." पदराच्या गाठीतून तिनं तुरीचे दाणे काढले आणि दर फेरीला एक दाणा पायरीवर ठेवत चालू लागली. ना थांबणं, ना चुकणं. मी विचारलं, "मामी, एवढी सवय कशी?"

"हे चंद्रपूरकडे ट्रक घेऊन गेले अन् यायले उशीर झाला, का मी आपल्या मारोतीले फेऱ्या घालत होती," ती चालता चालता म्हणाली. "हॉर्न ऐकू येईस्तोवर."

मामा बघतच राहिले. "तीस वर्षं? मले कधी सांगतलं नाही?"

"सांगून काय? तुम्ही हळू चालवला असता?"

मामा भिंतीला धरून उठले आणि लंगडत तिच्या मागं चालू लागले. पुजारी म्हणाले, "काका, बसा, त्या घालताहेत ना तुमच्या." मामा म्हणाले, "तो नवस तिच्याकडं राहू द्या, महाराज. ह्या फेऱ्या तिच्यासाठी हायेत."