सरकणारे निशाण

चहा घ्या. माझी फजिती माझ्याच तोंडून ऐकलेली बरी. दातिवऱ्याचे लोक तिला फार तिखटमीठ लावतात. उपदेश करणाऱ्याने आधी स्वतःचा मूर्खपणा कबूल करावा, असे मी मानतो.

त्या वेळी पंचायत राज नवे होते. मी घाटावरचा, मोजणी खात्यात सर्व्हेअर. दातिवऱ्याच्या खाडीकाठी हिराबाई मासे सुकवीत असे. शेजारचा बागाईतदार म्हणे, जागा माझी. हद्द मी ठरवायची होती. रेघ चुकली, तर बाईची चूल विझणार!

तिवरांच्या झाडीपलीकडे हद्दीचा जुना दगड होता. तिथे पांढरे निशाण रोवायला मी शिपायाला बांधावरून वळसा घालून धाडले. थोड्या वेळाने झाडीच्या शेंड्यांवर निशाण दिसले. मी रेघ आखली. खातरीसाठी पुन्हा नेम धरला.

निशाण डावीकडे सरकले होते!

भर दुपार. वारा नाही. पान हलेना, कावळा ओरडेना. मी चष्मा पुसला, रामनाम घेतले, पुन्हा पाहिले. आणखी डावीकडे! जणू कोणी ते हातात धरून, मुळीच घाई न करता, चालले होते. पण त्या चिखलात माणूस कमरेपर्यंत रुततो. तिथे चालणार कोण?

हिराबाई मासे उलटत होती.

“बाई, ते निशाण सरकते आहे!”

“रोजच सरकतंय,” ती मान वर न करता म्हणाली. “भरती लागली का फिरतं.”

“कोणाचे आहे?”

“आमच्या घरवाल्याचं.”

“ते कुठे आहेत?”

“त्याच्याच खाली हायेत. हाका मारून घसा बसला, उठत नायत.”

अंगावर सरसरून काटा आला. पती गेल्याचे बिचारीला भानच नाही! मृतात्म्याच्या जागेवरून मोजणीची सरकारी साखळी ओढावी? मी धर्म पाळला. नकाशावर हद्द वळवली. त्या वळशात हिराबाईची अर्धी जागा बागाईतदाराकडे गेली. म्हटले, पुण्यकर्मासाठी एवढे सोसावे. तिने!

मग काठावर जोडे काढले, हात जोडले आणि मोठ्याने शांतिपाठ सुरू केला.

तिवरांतून एक डोके वर आले. केस पिंजारलेले, डोळे तांबडेलाल.

“कोण गेलं गं, हिरा?”

माझा पाठ तिथेच तुटला.

“तुमीच!” हिराबाई म्हणाली. “सायबांनी पोचवलं तुमाला.”

ती होडी होती हो! नांगरलेली होडी भरती लागताच तोंड फिरवते, आणि डोलकाठीवरचे निशाणही तिच्याबरोबर फिरते. झाडीआड मला होडी दिसली नव्हती. तिच्यात झोपलेला हिराबाईचा नवरा देवजी तर नाहीच. माझ्या शिपायाचे ठेंगणे निशाण तिवरांमागे बुडून गेले होते.

नकाशा मी हिराबाईसमोर फाडला. दुसऱ्या दिवशी उंच काठी रोवून पुन्हा मोजले. जागा सगळी तिचीच निघाली.

पुढे नोकरी सोडून मी पंचायतीच्या निवडणुकीला उभा राहिलो. दातिवऱ्याच्या सभेत ‘सत्य कसे ओळखावे’ यावर बोलणार होतो. घसा साफ केला, तोच देवजी उठला.

“सायबांना मत द्या रे! मनाचे बरे हायेत. जितेपणी काय करतील ठाऊक नाय, मेल्यावर मात्र बघतील आपल्याकडं.”

“मग मत पन मेल्यावरच देऊ!” हिराबाई ओरडली.

मी ‘राम राम’ म्हणून खाली उतरलो.

निकाल विचारता? ईश्वरकृपेने त्या वर्षी दातिवऱ्यात सर्वांची प्रकृती ठणठणीत होती.