दोन टेबलांच्या मधली खुर्ची

बुधवार पेठेतल्या आमच्या दुकानात पंखे, वायर, स्विच सगळं मिळतं. दोन मालकांमध्ये एक सरळ शब्द मात्र मिळत नाही. दोघे सख्खे भाऊ. वडील गेल्यावर कशावरून तरी बिनसलं आणि बोलणं बंद झालं. टेबलं शेजारी-शेजारीच राहिली, मध्ये माझी खुर्ची. मी लागले हिशेब आणि फोन सांभाळायला, पण खरं काम निराळंच निघालं.

थोरले माझ्याकडे बघून म्हणायचे, त्यांना सांगा, नाशिकचा माल आजच गेला पाहिजे. धाकट्यांना ते स्वच्छ ऐकू जायचं, पण मान वर करतील तर शपथ. मी वळून तेच पुन्हा सांगायचं, मग ते उत्तर देणार, तेही मलाच. बरं, शब्द जसेच्या तसे पोचवायची सोय नाही. ‘अक्कल गहाण टाकलीय का’ याचं मी ‘जरा पुन्हा बघता का’ करायची. आणि गिऱ्हाइकांशी, व्यापाऱ्यांशी दोघेही इतके गोड बोलायचे, की फोनला मुंग्या लागाव्यात. बाहेरचे म्हणत, काय भाऊ आहेत, राम-लक्ष्मण! माझं डोकं फिरायचं. मी जेवायला उठले तरी दुकान ठप्प. आजारी पडायचीसुद्धा चोरी. एकदा तापानं फणफणले होते, तर पाठोपाठ दोघांचे फोन, एकाच दुकानातून. त्यांना सांगा!

शेवटी खराडीतल्या एका कंपनीत नोकरी मिळाली. संध्याकाळपर्यंत होकार कळवायचा होता. इथून सुटायची अशी संधी पुन्हा येणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी दोघांसमोर उभी राहिले आणि सांगून टाकलं, मी काम सोडतेय. त्या दुकानात पहिल्यांदाच मी स्वतःचं काहीतरी बोलले होते.

मग थोरले मला म्हणाले, “त्यांना सांगा, यांना जाऊ द्यायचं नाही.”

धाकटे समोरच्या बिलाकडे बघत थांबले. थोरलेही थांबले. असा संताप आला म्हणून सांगू! पण मान आपोआप वळली.

“ते म्हणतात, मला जाऊ द्यायचं नाही.”

“त्यांना सांगा, माझंही तेच म्हणणं आहे.”

मी थोरल्यांकडे वळले. “त्यांचंही तेच म्हणणं आहे,” म्हटलं आणि खुर्चीत बसले.