शेवटची खूण तेवढी उरली

संस्थेत त्याला सगळे मास्तर म्हणत. एके काळी तो संध्याकाळच्या क्लासमध्ये वेबसाइट बनवायला शिकवायचा. क्लास बंद पडला, पण शिकवायची खोड गेली नाही. चहाच्या वेळी कुणी नुसतं ‘प्रिंटर चालत नाही’ म्हटलं, तरी मास्तर कागद ओढून चित्र काढायला बसायचा.

संस्था एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना घरपोच मदत करायची. वेबसाइटवरच्या अर्जात पूर्वी एकच मदत निवडता यायची. मग संचालकबाईंच्या मनात आलं, माणसाला एका वेळी चार गोष्टी लागू शकतात, हव्या तेवढ्या मागू देत. मास्तरने जेवणाच्या सुट्टीआधी काम उरकलं. गोल बटणांच्या जागी चौकोन ठेवले: दवाखान्यात सोबत, औषधं आणणं, बाथरूममध्ये धरायला दांडी, फोनवर गप्पा, आणि सगळ्यात खाली पंखे पुसणं. एका चौकोनावर खूण करून अर्ज पाठवला, नोंद झालेली पाहिली आणि डबा उघडला.

अर्ज येऊ लागले तशी सगळ्यांना गंमत वाटायला लागली. प्रत्येकाने एकच मदत मागितलेली, आणि बहुतेकांना पंखे पुसून हवे होते. बाई बुचकळ्यात पडल्या. बैठकीत त्यांनी विचारलं तेव्हा मास्तरने खुर्ची पुढे घेऊन समजावलं, की या पिढीला मागणं जिवावर येतं. मनात चार गोष्टी असल्या तरी ही माणसं त्यातली सगळ्यात किरकोळ तेवढी मागतात. माना डोलल्या. बाईंनी ते वाक्य अहवालात घातलं. दवाखान्यात सोबत जाणाऱ्या दोघांना दुसऱ्या कामाला लावलं आणि पंख्यांसाठी शिडीसकट एक धडधाकट माणूस नेमला.

गावाच्या दुसऱ्या टोकाला मास्तरची मावशी एकटी राहायची. आई गेल्यावर त्याला तिनेच वाढवलं होतं. फोनवर ‘येतो, येतो’ म्हणत त्याने बरेच रविवार घालवले होते. अखेर एकदा गेला, तर मावशीचं कोपर काळंनिळं झालेलं.

“पडलीस?”

“बाथरूममध्ये. बरं झालंय आता.”

तिने चहा टाकला. खोदून खोदून विचारल्यावर म्हणाली, की तिने त्याच्याच संस्थेचा अर्ज भरला होता. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी मोबाइलवर भरून दिला. अर्जदारांची नावं मास्तरच्या नजरेखालून जात नसत, त्यामुळे त्याला पत्ता नव्हता.

“मला का नाही सांगितलंस?”

“तुला कुठे वेळ असतो रे.” हे ती इतक्या सरळपणे म्हणाली, की त्याला मान वर करवेना. मग स्वतःशीच हसली. “मी मेलीने सगळ्याच चौकोनांवर खुणा केल्या. दांडी, दवाखाना, गप्पासुद्धा. आले ते पंखे पुसायला. म्हटलं, फारच हावरटपणा झाला आपला. त्यांना झेपलं तेवढं त्यांनी दिलं.”

मास्तरने कप खाली ठेवला. काय झालंय ते त्याला त्याच क्षणी कळलं. ब्राउझर प्रत्येक खूण वेगळी पाठवतो, पण सगळ्या एकाच नावाने, म्हणजे अर्जाच्या कोडमध्ये त्या रकान्याला दिलेल्या नावाने. नावापुढे रिकामा चौकोनी कंस असला, तर सर्व्हरवरचा प्रोग्राम त्या एकाखाली एक ठेवतो. नसला, तर प्रत्येक नवी खूण आधीची खूण पुसते आणि शेवटची तेवढी उरते. गोल बटणांना कंस लागत नाही, म्हणून जुन्या अर्जात तो नव्हता, आणि मास्तरने नाव तसंच ठेवलं होतं. हाच कंस तो दर बॅचला फळ्यावर मोठा काढून दाखवायचा. एकाऐवजी दोन खुणा करून बघितल्या असत्या, तरी पुरे होतं.

मावशीला तो काही बोलला नाही. काम आहे म्हणून निघाला.

सोमवारी त्याने कंस घातला. पुसल्या गेलेल्या खुणा कुठेच साठलेल्या नव्हत्या, त्यामुळे त्या परत मिळायची सोय नव्हती. नवे अर्ज मात्र नीट येऊ लागले. मूग गिळून बसलं तर कुणाला कळणारही नव्हतं, आणि अर्धा दिवस तो तसा बसलाही. मग उठून बाईंच्या खोलीत गेला.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. “अहवालातलं ते वाक्य तुमचं होतं,” त्या म्हणाल्या. “मी ते जिथे जाईन तिथे सांगत आलेय.”

मास्तरचे कान तापले. सगळ्यांना फोन करून पुन्हा विचारायचं ठरलं. फोन मी करतो, असं तो म्हणाला.

त्याने शिव्या खायची तयारी ठेवली होती, पण शिव्या कुणी दिल्याच नाहीत. उलट लोकच ओशाळायचे. एवढं सगळं मागायला नको होतं, राहू दे, असं म्हणायचे. एका म्हाताऱ्या शिंप्याने बायकोसाठी दवाखान्याची सोबत मागितली होती.

“आता नको,” तो म्हणाला. “ती गेली. पण तुमच्या माणसाने पंखा छान पुसला हो.”

बोलण्यात टोमणा नव्हता. सोबत मिळाली असती तर काही फरक पडला असता का, हे विचारायचं मास्तरला धाडस झालं नाही.

मावशीकडे तो स्वतः गेला. चूक माझी होती, असं म्हणून त्याने सगळं सांगितलं. तिला ना सर्व्हर कळला ना कंस.

“म्हणजे मी जास्त मागितलं नव्हतं?”

“नाही, मावशी.”

तिचा चेहरा असा मोकळा झाला, की त्यापेक्षा तिने कानाखाली दिली असती तर त्याला बरं वाटलं असतं. एवढे दिवस ती स्वतःला हावरट समजत बसली होती. मग काय काय हवंय, असं त्याने विचारलं.

“हे तू विचारतोयस की संस्था?”

उत्तराची वाट न बघता तीच म्हणाली, “दांडी संस्थेची चालेल. दवाखान्यात तू ये.”

दांडी बसली. अहवालातलं वाक्य बाईंनी काढून टाकलं आणि सोबतीची माणसं मूळ कामावर परत आली. मास्तरला कुणी घालूनपाडून बोललं नाही. बैठकीत तो आता खुर्ची मागे घेऊन बसतो.

दवाखान्यात गर्दी होती. मावशीने शेजारच्या बाईला कोपराने हलवून सांगितलं, “हा माझा भाचा. माझ्यासाठी मुद्दाम रजा काढून आलाय.” ती बाई कौतुकाने बघत राहिली. मास्तर मावशीची फाइल मांडीवर धरून फरशीकडे पाहत होता.